बॅटरी दर दोन वर्षांनी का जाते? चार्जिंगच्या पद्धती आणि त्यांच्या खुणा

होळी झाली, उन्हं तापायला लागली की विट्यातल्या आमच्या दुकानात एकच तक्रार रोज येते. "बॅटरी टाकून दोन वर्षं झाली नाहीत, आन् लाइट गेली की वीस मिनिटांत इन्व्हर्टर ओरडतोय." हिवाळाभर पंखे बंद असतात, त्यामुळं बॅटरीचा अशक्तपणा झाकून राहतो. मार्चमध्ये दुपारची लाइट जाते आणि तो उघडा पडतो. माणूस जुनी बॅटरी टेम्पोत घालून आणतो, मोडीत देतो, नवी घेऊन जातो. दोन वर्षांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन परत दारात उभा.

पहिली काही वर्षं मीही तेवढंच केलं, जुनी घेतली आणि नवी दिली. पुढं मोडीत आलेल्या बॅटऱ्यांची बुचं काढून आत बघायची सवय लागली. तेव्हा लक्षात आलं की बॅटरी ज्या पद्धतीनं चार्ज होत आली, त्याची खूण तिच्यावर राहतेच. अर्धपोटी राहून गेलेली वेगळी दिसते, उकळून गेलेली वेगळी. ती खूण न वाचता नवी बॅटरी बसवली तर तीही त्याच वाटेनं जाते, कारण चार्जर तोच असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी काय तपासायचं आणि कुठल्या चार्जिंगनं काय होतं, ते इथं सविस्तर लिहितोय.

पलूसकडचं एक घर

पलूस तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या चार वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. दोन्ही १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), दोन्ही उंच ट्यूबलर, म्हणजे आत नळ्यांच्या प्लेटा असलेल्या आणि बुच काढून पाणी टाकायच्या. काकांची खात्री होती की माल बोगस आहे. दुसरीला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. मी हायड्रोमीटर (ऍसिडचा दाटपणा मोजायची काचेची नळी) आणि मल्टिमीटर घेऊन घरी गेलो. पाणी पातळीला होतं, टर्मिनल स्वच्छ होते. बॅटरीच्या सहाही कप्प्यांची, म्हणजे सेलची, ग्रॅव्हिटी (ऍसिडचा दाटपणा) मोजली तर ११८५ ते ११९५, म्हणजे १.१८५ ते १.१९५; बोलताना आम्ही दशांश सोडून देतो. पूर्ण भरलेल्या ट्यूबलरला ती १२४० च्या आसपास हवी.

सहाही सेल सारखेच खाली आहेत, हे मला महत्त्वाचं वाटलं. बॅटरीतच दोष असता तर एखादा सेल बाकीच्यांपेक्षा वेगळा पडला असता. पंगतीतले सगळेच उपाशी असतील तर वाढप्याकडं बघायला पाहिजे.

रात्रभर लाइट होती, सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला तर १३.६ व्होल्ट. इन्व्हर्टरवर मात्र बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा. इन्व्हर्टर फिरवून मागची बाजू बघितली. तिथं बॅटरीचा प्रकार निवडायचं बारीक बटण असतं: ट्यूबलर, फ्लॅट (चपट्या प्लेटांची), एसएमएफ (सीलबंद). ते एसएमएफवर होतं. हा इन्व्हर्टर आधी पुतण्याच्या फ्लॅटमध्ये सीलबंद बॅटरीवर चालत होता, तिथं ते बटण बरोबर होतं. गावी आणल्यावर बॅटरी ट्यूबलर आली आणि बटण तसंच राहिलं. चार वर्षं कुणी मागं वाकून बघितलं नाही. बसवणाऱ्यानंही नाही.

बटण ट्यूबलरवर घेतलं, टर्मिनलवर १४.४ व्होल्ट यायला लागले. दुकानात आणून एकदा समान चार्जिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरेपर्यंतचं जादा चार्जिंग, दिलं, त्याची पद्धत पुढं सांगतो. तिसऱ्या दिवशी ग्रॅव्हिटी १२३० ते १२३५ झाली. मोडीत जाणारी बॅटरी परत भिंतीकडेला उभी राहिली.

आधी मोजा, मग बोला

इन्व्हर्टरवरचा दिवा आणि टक्के दाखवणारा आकडा यावर विसंबू नका. तो त्या मशीनचा अंदाज असतो. दोन गोष्टी मोजायच्या: विश्रांतीचं व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी.

विश्रांतीचं व्होल्टेज म्हणजे बॅटरीला चार्जरही नाही आणि लोडही नाही, अशी किमान पाच-सहा तास ठेवून घेतलेलं. चार्जिंग काढल्या काढल्या मीटर लावला तर १३ च्या वर काहीतरी दिसतं आणि माणूस खूश होतो. तो वरवरचा फुगवटा असतो, दोन तासांत उतरतो.

इथं बऱ्याच मेकॅनिकांचाही घोटाळा होतो. "१२.७ व्होल्ट म्हणजे फुल्ल" हे सगळ्या बॅटऱ्यांना लागू करतात. व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटीचं गणित सोपं आहे: ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की एका सेलचं व्होल्टेज येतं, त्याला सहाने गुणायचं. गाडीच्या बॅटरीत ऍसिड कडक असतं, १.२८० धरा. १.२८० अधिक ०.८४ म्हणजे २.१२, गुणिले सहा, सुमारे १२.७. घरच्या ट्यूबलरला १.२४०, म्हणजे २.०८ गुणिले सहा, सुमारे १२.५. म्हणजे १२.५ दाखवणारी ट्यूबलर पूर्ण भरलेली असते आणि १२.५ दाखवणारी गाडीची बॅटरी साधारण पाव हिस्सा उतरलेली असते. पलूसच्या बॅटरीला ११९० म्हणजे १२.२ च्या आसपास, आणि मीटरनं तेच दाखवलं होतं.

ग्रॅव्हिटी मोजताना दोन पथ्यं. पाणी टाकल्यावर लगेच मोजू नका. पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि आकडा खोटा येतो. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या. दुसरं, उन्हाळ्यात ऍसिड तापलेलं असतं. २७ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना ७ पॉइंट मिळवायचे. आटपाडी-जतकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीत हा फरक दिसतो.

आणि मीटरची टोकं केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर (थिंबलवर) लावू नका, बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा. चार्जर आपल्या बाजूला १४.४ दाखवतोय आणि खांबावर १३.९ येतायत, असं मी अनेकदा बघितलंय. मधले अर्धे व्होल्ट बारीक वायर आणि टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी खाते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुतले, घासून कोरडे केले, व्हॅसलिन लावलं, की काही घरांत तेवढ्यानंच दुखणं संपतं.

शेवटचा पाचवा हिस्सा

ही शिसं आणि ऍसिडची बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी तयार केली, तेव्हापासून मूळ रसायन बदललेलं नाही. वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि ऍसिड पातळ होतं. चार्ज करताना सल्फेट विरघळून परत ऍसिडमध्ये जातं. ताजं सल्फेट मऊ असतं, लगेच निघतं. तेच आठवडेच्या आठवडे प्लेटवर राहिलं की त्याचे मोठे, टणक खडे होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत.

चार्जिंगचा पहिला ऐंशी टक्के भाग कुठल्याही चार्जरला जमतो. बॅटरी करंट भराभर पिते. शेवटच्या वीस टक्क्यांत ती सावकाश घेते आणि त्याच भागात पद्धतीपद्धतीतला फरक कळतो. १५० एएचची बॅटरी निम्मी उतरली असेल तर १५ अँपिअरनं तीनेक तासांत ऐंशी टक्क्यांपर्यंत येते, पण उरलेलं भरायला आणखी पाच-सात तास लागतात. रोज ऐंशीवरच थांबत गेलात तर उरलेल्या वीस टक्क्यांचं सल्फेट रोज तिथंच राहतं आणि टणक होत जातं. बॅटरी आतून लहान होत जाते.

उलट बाजूला, भरल्यावरही करंट ढकलत राहिलं तर तो पाणी फोडण्यात जातो. एका सेलचं व्होल्टेज साधारण २.३५ ते २.४ झालं, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.१ ते १४.४, की बुडबुडे यायला लागतात. एका जादा एएचमागं प्रत्येक सेलमधलं सुमारे एक तृतीयांश मिलिलिटर पाणी जातं. ५ अँपिअर करंट भरलेल्या बॅटरीवर रात्रीचे दहा तास चालू राहिला तर सहा सेल मिळून १०० मिलिलिटर पाणी उडतं आणि सुमारे सव्वाशे लिटर हायड्रोजन खोलीत येतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीनं भडकतो. बॅटरी देवघराच्या कोनाड्याखाली ठेवलेली मी बघितलीय, वर समई तेवत होती. त्या घरात मी चहा घ्यायच्या आधी बॅटरी हलवून घेतली.

कुठली पद्धत काय करते

जुन्या चार्जिंगच्या दुकानात पाच-सहा बॅटऱ्या रांगेत जोडून सगळ्यांतून एकच ठरलेला करंट सोडतात. व्होल्टेज वाढत जातं, करंट तेवढाच राहतो. अर्धपोटी बॅटरीला वर आणायला ही पद्धत खरोखर उपयोगी आहे, कारण शेवटचा हट्टी भाग ती भरून काढते. धोका असा की तिला स्वतःहून थांबता येत नाही. ट्रॅक्टरची मोठी आणि दुचाकीची लहान बॅटरी एकाच रांगेत जोडली तर मोठी भरेपर्यंत लहानीचं वरण शिजतं. दुकानात चार्जिंगला देत असाल तर विचारा: करंट किती, सोबत कुठल्या बॅटऱ्या आहेत, काढणार कधी. एएचच्या दहाव्या हिश्श्याच्या वर करंट मागू नका. "तासाभरात करून देतो" म्हणणाऱ्याकडं तर देऊच नका. मोठ्या करंटनं व्होल्टेज लगेच चढतं, बॅटरी तापते, भरल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा सेल्फ टक-टक करतो.

ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा जुना लोखंडी चार्जर बऱ्याच शेतघरांत आहे. सुरुवातीला जास्त करंट देतो, बॅटरी भरत जाईल तसा आपोआप कमी होतो. लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हातात तो चांगला आहे. पण पूर्ण शून्यावर तो येत नाही, आणि रात्री आपल्याकडं व्होल्टेज वाढलं की त्याचाही करंट वाढतो. संध्याकाळी लावून सकाळी काढायचा, ही सवय या चार्जरबरोबर चालत नाही.

ट्रॅक्टर-गाडीतला डायनामो व्होल्टेज ठरवून चार्ज करतो, बहुतेक ठिकाणी १४ व्होल्टच्या थोडं वर. सेल्फ मारण्यात बॅटरी फार उतरते असा समज आहे. २०० अँपिअर तीन सेकंद ओढले तरी हिशेब पाव एएचच्या आतच येतो, डायनामो ते काही मिनिटांत परत भरतो. ट्रॅक्टरची बॅटरी जाते ती उभी राहून. ऊस गेला, पेरणीला अवकाश आहे, ट्रॅक्टर दोन महिने शेडमध्ये, आणि वर टेपची बारीक वायर करंट खात बसलेली. एवढंच करा: महिनाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी एकदा बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून शेवटचा वीस टक्के भाग भरत नाही.

घरच्या इन्व्हर्टरला तीन टप्प्यांचं चार्जिंगच असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आधी ठरलेल्या करंटनं भरतो, मग १४.४ च्या आसपास व्होल्टेज धरून करंट हळूहळू उतरू देतो, आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर नुसतं टिकवून धरतो. मधला टप्पा पूर्ण होतोय का, हे बघायचं. काही स्वस्त इन्व्हर्टर १४.४ ला पोचले की क्षणात टिकवण्याच्या टप्प्यावर उतरतात. सलग आठ तास लाइट असलेल्या रात्री दर तासाला खांबावरचं व्होल्टेज लिहा. १४ च्या वर तीन-चार तास थांबलेलं दिसलं पाहिजे. दहा मिनिटांत १३.७ झालं तर ती बॅटरी अर्धपोटीच राहणार.

करंटचे बारीक झटके (पल्स) मारून सल्फेट तोडणारी यंत्रंही हल्ली विकायला येतात. मी दोन वापरून बघितली. ज्या बॅटऱ्या त्यावर सुधारल्या त्या माझ्या मते साध्या हळू चार्जिंगनंही सुधारल्या असत्या. खडे झालेली एकही परत आली नाही. माझा त्यावर भरवसा नाही.

सोलर आणि झटका मशीन

शिराळा भागातून, चांदोलीच्या जंगलाकडच्या शिवारातून, झटका मशीनच्या, म्हणजे शेताच्या तारेच्या कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या, बॅटऱ्या येतात. रानडुक्कर आणि गव्यापासून पीक राखायचं, म्हणजे मशीन रात्रभर चालू. पावसाळ्यात त्या पट्ट्यात आठवडे-आठवडे ऊन पडत नाही. पॅनल दिवसा देतं त्यापेक्षा मशीन रात्री जास्त घेतं, आणि जूनला भरलेली बॅटरी ऑगस्टपर्यंत खाली आलेली असते. दसऱ्याला ऊन पडतं, पण तोवर सल्फेट बसलेलं. ग्राहक म्हणतो पॅनल खराब झालं. पॅनल ठीक असतं. तिथं उपाय एकच: पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी ती बॅटरी घरी आणून विजेच्या चार्जरवर रात्रभर पूर्ण भरायची. शक्य असेल तर दोन बॅटऱ्या ठेवून अदलाबदल करायची.

सोलरमध्ये दुसरी चूक कंट्रोलरची, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीची. तिचे दोन प्रकार: साधा पीडब्ल्यूएम आणि महाग एमपीपीटी. छतावरच्या ग्रिडच्या कामातलं उरलेलं ६० सेलचं, २७५ वॉटचं पॅनल कुणीतरी आणतं आणि साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरनं १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडतं. ते पॅनल ३१ व्होल्टच्या आसपास काम करतं. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढून आणतो, करंट नऊ अँपिअरच राहतो, म्हणजे हातात १२० वॉटसुद्धा पडत नाहीत. निम्म्याहून जास्त ऊन वाया. असं पॅनल असेल तर एमपीपीटी घ्या, तो जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. ३६ सेलचं बारा व्होल्टसाठीचं पॅनल असेल तर पीडब्ल्यूएम चालतो, जादा पैसे घालायची गरज नाही.

बंद घरं आणि फवारणीचे पंप

आमच्या खानापूर-आटपाडी भागात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी कुटुंबं देशभर गेलेली आहेत. घर दिवाळीला आणि यात्रेला उघडतं. जाताना लोक काळजीनं मेन स्विच बंद करतात, आणि इन्व्हर्टर चालूच राहतो. तो स्वतःचं पोट भरायला बॅटरी खात राहतो, तीन-चार दिवसांत बॅटरी तळाला जाते आणि पुढचे पाच महिने तशीच. सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या बॅटऱ्यांचं, कारण वापरल्याच गेलेल्या नसतात. घर सोडताना बॅटरी पूर्ण भरा, मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची एक केबल काढा. शेजाऱ्यांकडं किल्ली असेल तर दोन-अडीच महिन्यांनी एकदा जोडून रात्रभर चार्जिंगला लावायला सांगा. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकडून आलेल्या बऱ्याच बॅटऱ्यांचीही हीच गत होती: लाइट गेली, बॅटरी रिकामी झाली, आणि घर साफ होईपर्यंत कुणाला तिच्याकडं बघायला सवड नव्हती. कोण बघणार तेव्हा.

पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची लहान सीलबंद बॅटरी असते. ती दोन तऱ्हांनी जाते. हंगाम संपल्यावर रिकामी ठेवली की सल्फेटनं, आणि चार्जर दिवसच्या दिवस लावून ठेवला की सुकून. सीलबंद बॅटरीत पाणी परत टाकता येत नाही, गेलं ते गेलं. पोट फुगलेली दिसली तर तिला परत चार्जिंगला लावू नका. पंपाबरोबर आलेला चार्जर भरल्यावर किती व्होल्ट देतो ते एकदा मोजा. १४.७ च्या वर जात असेल तर तो चार्जरच बदला.

उष्णता

वर दिलेली व्होल्टेजं २५ अंशांसाठीची आहेत. तापलेली बॅटरी कमी व्होल्टेजलाच भरते, म्हणून प्रत्येक अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे. ४० अंशांच्या खोलीत १४.४ च्या जागी १४.० पुरतात. तापमान ओळखणारा चार्जर हे स्वतः करतो, बाकीचे करत नाहीत. १० अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं, असा साधारण हिशेब आहे. बॅटरी जिन्याखाली, भिंतीच्या सावलीत, हवा खेळती असेल तिथं हलवणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

खुणा वाचायच्या कशा

सहाही सेलची ग्रॅव्हिटी सारखी खाली, पाणी महिनोन्महिने कमीच होत नाही, ऍसिड काचेसारखं स्वच्छ: अर्धपोटी. "आमच्या बॅटरीला पाणीच लागत नाही" असं कौतुकानं सांगणारे भेटतात. उघड्या ट्यूबलरला पाणी अजिबात लागत नसेल तर ती कधी बुडबुड्यापर्यंत पोचतच नाही, असं समजा.

दर महिन्याला पाणी टाकावं लागतंय, बुचांभोवती ओल आहे, हायड्रोमीटरमध्ये कथ्थी गढूळ ऍसिड येतंय, चार्जिंग चालू असताना हात लावला तर बॅटरी चांगली गरम: जादा चार्जिंग. हा कथ्थी गाळ म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटचाच माल सुटलेला असतो, तो परत बसत नाही. चार्जर दुरुस्त करून पुढची हानी थांबवता येते, एवढंच.

पाच सेल १२३० आणि एक ११५०: तो सेल गेलाय किंवा जायला लागलाय. विश्रांतीला १०.५ च्या आसपास व्होल्टेज म्हणजे एक सेल शॉर्ट.

एक खूण मुद्दाम बनवलेली असते. काही जण बॅटरी "भरून" देताना पाण्याऐवजी ऍसिड टाकतात. हायड्रोमीटरचा काटा छान वर येतो, बॅकअप तिथंच राहतो, आणि कडक ऍसिडनं प्लेटा लवकर खराब होतात. ग्रॅव्हिटी वाढवायची ती फक्त चार्जिंगनं. आणि पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचं नको, फिल्टरचं नको, एसीतून ठिबकलेलंही नको.

समान चार्जिंग: फक्त बुचं असलेल्या बॅटरीसाठी

अर्धपोटी बॅटरी वाचवायचा हाच एक भरवशाचा मार्ग मी बघितलाय. सीलबंद बॅटरीवर चुकूनही करू नका.

बॅटरी इन्व्हर्टरपासून किंवा गाडीपासून पूर्ण सोडवा. या व्होल्टेजनं त्यातलं इलेक्ट्रॉनिक जळू शकतं. जागा मोकळ्या हवेची हवी, जवळ शेगडी नको, विडी नको. प्लेटा पाण्याखाली आहेत ना बघा. उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी टाका, पातळीपर्यंत चार्जिंगनंतर भरा, नाहीतर ऍसिड फुगून बाहेर येतं. आधी नेहमीच्या पद्धतीनं पूर्ण चार्ज करा. मग एएचच्या विसाव्या हिश्श्याचा करंट, म्हणजे १५० ला सात-साडेसात अँपिअर, चालू ठेवा आणि व्होल्टेज १५.५ च्या आसपास जाऊ द्या. सगळ्या सेलमध्ये बुडबुडे येतील. त्यानं तळाला बसलेलं जड ऍसिडही ढवळून निघतं. तासातासाला ग्रॅव्हिटी लिहा. सलग तीन वेळा आकडा वाढला नाही की थांबा. ऍसिड ५० अंशांवर गेलं तर लगेच बंद करून थंड होऊ द्या. चिमटे काढायच्या आधी चार्जरचं बटण बंद करा, उलट क्रम केला तर ठिणगी नेमकी हायड्रोजनवर पडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. अंगावर थेंब उडाला तर भरपूर पाण्यानं धुवा, फरशीवर खायचा सोडा टाका.

हे दोन वेळा करूनही एखादा सेल इतरांपेक्षा ५० पॉइंटांनी खाली राहत असेल तर पुढं खर्च करू नका, ती बॅटरी मोडीतच.

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक बघा. चार्जरला दोघींची बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. २८.८ मध्ये एक १५.२ आणि दुसरी १३.६ असेल तर एक उकळतेय आणि एक उपाशी आहे, आणि चार्जरच्या लेखी सगळं ठीक चाललंय. चार्जिंगच्या शेवटी दोन्हींवर वेगवेगळा मीटर लावा. फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला की दोन्ही सुट्या करून एकेक पूर्ण चार्ज करा, मगच परत जोडा. जुनीच्या जोडीला नवी देऊ नका, वर्षात नवीही जुनीच्या वळणावर जाते.

दुकानात कुणाकडंही जा, जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: सहा सेलच्या सहा ग्रॅव्हिटी, विश्रांतीचं व्होल्टेज, चार्जिंग चालू असतानाचं खांबावरचं व्होल्टेज, शेवटचं पाणी कधी आणि किती टाकलं, आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण कशावर आहे.